यादीतली नावं नव्हे, निर्णय: गावच्या पाणी व स्वच्छता समितीत महिलांचा शब्द चालावा म्हणून काय काय करावं

ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या महिला आहेत की नाहीत, हे यादी पाहिली की कळतं. त्यांचं तिथे काही चालतं का, हे पाहायचं तर यादी उपयोगाची नाही. त्यासाठी तीन गोष्टी विचारायच्या. इतिवृत्ताची वही कोणाच्या हातात असते? समितीच्या बँक खात्यावर कोणाची सही चालते? आणि व्हॉल्व्हची चावी कोणाच्या सांगण्यावरून फिरते? वही, सही आणि चावी यांपैकी एकही गोष्ट महिलांकडे नसेल, तर त्या बैठकीला हजर असतात एवढंच म्हणता येईल.

हा लेख महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायत पातळीवरच्या कामाबद्दल आहे. समितीतल्या महिला, बचत गटांच्या ताई, ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) आणि पाण्यावर काम करणारे कार्यकर्ते यांच्यासाठी तो लिहिला आहे.

हातात काय आहे, ते आधी माहीत करून घ्या

बैठकीत 'हे तुमचं काम नाही' असं कोणी म्हटलं, तर पुढच्या चार गोष्टी तोंडपाठ असाव्यात.

पहिली: महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ७ नुसार नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. ही सभा म्हणजे कोणाची मेहरबानी नाही, ती कायद्यातली तरतूद आहे.

दुसरी: जल जीवन मिशन या घरोघरी नळाने पाणी देण्याच्या केंद्राच्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गावची पाणी समिती १० ते १५ जणांची असते. त्यात ग्रामपंचायत सदस्य जास्तीत जास्त २५ टक्के, महिला ५० टक्के आणि उरलेले २५ टक्के गावातल्या दुर्बल घटकांचे प्रतिनिधी, त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात. गावाचा आराखडा करणं, पाणीपट्टी सुचवणं, योजना चालवणं आणि पाण्याच्या गुणवत्तेवर लक्ष ठेवणं ही कामं याच समितीची.

तिसरी: १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्च करायचा, ठेवला. त्यातला निम्मा, म्हणजे एकूण अनुदानाच्या ३० टक्के, पिण्याच्या पाण्यासाठी आणि तेवढाच स्वच्छतेसाठी. हा पैसा सभामंडपाला किंवा कमानीला वळवता येत नाही.

चौथी: ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात.

महाराष्ट्रात हे आभाळातून पडलेलं नाही. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी पाण्याच्या हक्काचा लढा झाला. मुंबईच्या गोरेगावात पाण्यासाठी लढणाऱ्या मृणाल गोरे यांना लोकांनी 'पाणीवाली बाई' हे नाव दिलं. पुढे २००३ पासून ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या जलस्वराज्य प्रकल्पात महिला ग्रामसभा आणि महिला विकास समिती गावोगावी रुजवायचा प्रयत्न झाला. २०११ पासून स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. चौकट उभी आहे. आता ती रोजच्या कारभारात कशी वापरायची ते पाहू.

पायरी १: बोलण्याआधी मोजा

'आमच्या वस्तीला पाणी येत नाही' या तक्रारीला 'बघू' एवढंच उत्तर मिळतं. तीच गोष्ट आकड्यात सांगितली की उत्तर द्यावं लागतं. म्हणून महिला सभेच्या तीन-चार आठवडे आधी मोजणी करा. खर्च काहीच नाही. लागतं काय, तर एक वही, एक २० लिटरची बादली आणि घड्याळ असलेला मोबाइल.

जल जीवन मिशनचं मानक माणशी रोज ५५ लिटर आहे. पाच जणांच्या घराला २७५ लिटर. १५ लिटरच्या हंड्याने हे पाणी आणायचं म्हटलं तर अठरा-एकोणीस खेपा होतात. एका खेपेला १० मिनिटं धरली तरी रोजचे तीन तास गेले. प्रत्येक वस्तीतल्या दहा-बारा घरांत जाऊन एवढंच लिहा: पाणी कोण आणतं, किती खेपा होतात, एका खेपेला किती वेळ लागतो, आणि मे महिन्यात यात काय फरक पडतो. मुलींच्या शाळेचे किती दिवस बुडतात हेही विचारा. गावात हा आकडा सहसा कोणीच लिहून ठेवलेला नसतो.

नळ असलेल्या घरांत बादली लावा. २० लिटरची बादली दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला १० लिटर पाणी येतंय. म्हणजे २७५ लिटरला अर्ध्या तासाच्या जरा आत वेळ लागेल. तीच बादली शेवटच्या नळाला आठ मिनिटं घेत असेल, तर तिथे मिनिटाला अडीच लिटरच येतात आणि २७५ लिटरला जवळजवळ दोन तास लागतील. पाणी सोडतात पाऊण तास. मग त्या घराला मिळतात कसेबसे ११०–११५ लिटर. टाकीजवळचा एक, मधला एक, सगळ्यात उंचावरचा एक आणि शेवटच्या टोकाचा एक, असे निदान चार नळ एकाच दिवशी मोजा. वेगवेगळ्या दिवशी मोजलं तर 'त्या दिवशी लाइट नव्हती' असं म्हणायला जागा राहते.

मग गावफेरी काढा. उघड्या गटारातून गेलेली पाइपलाइन, गळके व्हॉल्व्ह, नळाला थेट लावलेल्या मोटारी, दिवा नसलेला शौचालयाचा रस्ता, पावसाळ्यात चिखल होणारी वाट, हे सगळं नकाशावर मांडा. नकाशा जमिनीवर रांगोळीने काढला तरी चालतो, फक्त नंतर कागदावर उतरवून घ्या. फेरीला सासू आणि सून एकत्र नेल्या तर सून बोलत नाही. दोन गट वेगळे करा. शौचालय, पाळी, अंधारातली भीती या गोष्टी तरुण मुली आपसातच मोकळेपणाने सांगतात.

पायरी २: महिला सभा घ्या आणि ठराव असा लिहा की टाळता येणार नाही

महिला सभा बऱ्याच ठिकाणी कागदावरच होते. शिपाई वही घेऊन घरोघर फिरतो, सह्या घेतो आणि सभा 'झाली' अशी नोंद पडते. हे थांबवायला एक साधा नियम पुरतो. सभेच्या जागी बसूनच सही करायची, घरी आलेल्या वहीवर नाही. बचत गटांनी हे आपसात एकदा ठरवलं की सभा घ्यावीच लागते.

ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी लागते. महिला सभेलाही तेवढाच अवधी मागा आणि विषय लेखी द्या. वेळ ठरवताना शेतातली कामं, पाणी सुटण्याची वेळ आणि स्वयंपाक पाहा. पाणी सुटायच्या वेळी सभा ठेवली तर ज्यांना पाणी कमी मिळतं त्याच बायका येऊ शकत नाहीत, आणि सभेत प्रश्नच उरत नाही. जागा गावठाणातल्या मंदिरासमोरच असायला हवी असं नाही. तिथे काही वस्त्यांतल्या बाया येऊन मागेच उभ्या राहत असतील, तर अंगणवाडी किंवा शाळा घ्या. एकदा गावठाणात, एकदा वाडीवर अशी पाळी लावली तर आणखी चांगलं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ठरावाच्या भाषेत. 'पाण्याच्या प्रश्नावर चर्चा झाली व योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले' हा ठरावच नव्हे. त्यात काम नाही, जबाबदार माणूस नाही, मुदत नाही आणि पैसाही नाही. चांगल्या ठरावात या चारही गोष्टी असतात. उदाहरणार्थ:

'वरच्या वस्तीतील शेवटच्या नळास २० लिटर पाणी भरण्यास आठ मिनिटे लागतात, अशी मोजणी महिला सभेसमोर ठेवण्यात आली. सबब, या वस्तीसाठी स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवून तेथे सकाळी ६ ते ७ या वेळेत पाणी सोडावे. खर्च बंधित अनुदानातील पाणीपुरवठा बाबीतून करावा. काम ३० दिवसांत पूर्ण करून पाणी समितीने त्याच नळावर पुन्हा मोजणी करावी व अहवाल पुढील ग्रामसभेत ठेवावा.'

खाली सूचक आणि अनुमोदक या दोघींची नावं. ठराव वाचून दाखवल्यावरच सह्या. वहीच्या त्या पानाचा फोटो तिथल्या तिथे काढून ठेवा. नंतर पान बदललं, ओळ वाढली असे वाद होतात, तेव्हा हाच फोटो कामाला येतो.

महिला सभेचा ठराव ग्रामसभेत मांडला गेला नाही तर तो तिथेच अडकून राहतो. म्हणून ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत 'महिला सभेचे ठराव वाचून निर्णय घेणे' हा विषय पहिल्या तीनांत घ्यायला लावा. शेवटी ठेवलेल्या विषयावर येईपर्यंत लोक उठून गेलेले असतात. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जी संख्या कमी ती. पन्नास-साठ महिला ठरवून आल्या तर निम्मी किंवा त्याहून जास्त गणपूर्ती त्यांच्या हातात येते. सभा तहकूब होणं आणि चालणं दोन्ही त्यांच्यावर ठरतं.

पायरी ३: समितीत कोणाला घ्यायचं

निम्म्या महिला हव्यात म्हणून सदस्यांच्याच घरातल्या बायकांची नावं भरली की कागद पूर्ण होतो आणि आवाज मात्र तोच राहतो. महिलांच्या जागा वस्तीवार वाटा. शेवटच्या टोकाची वस्ती, सगळ्यात उंचावरची वस्ती, दलित वस्ती, आदिवासी पाडा, शेतातली विखुरलेली घरं, या प्रत्येकीतून एक. त्यात एक तरी एकल महिला आणि एक तरी तिशीच्या आतली असावी. आशाताई किंवा अंगणवाडीताई असली तर तिला गावातल्या जुलाबाच्या रुग्णांची खबर सगळ्यांआधी असते. पण तिला तिच्या कामाचा आधीच भार आहे, म्हणून वही तिच्यावर टाकू नका.

समिती बनते ती ग्रामसभेत, हात वर करून. नावं आधी महिला सभेतून यावीत.

पहिल्याच बैठकीत समितीने स्वतःसाठी काही नियम लिहून मंजूर करावेत. आमच्या मते पुढचे तीन नसतील तर बाकीचे असून नसल्यासारखे आहेत.

- सदस्य महिलांपैकी निम्म्या हजर असल्याशिवाय बैठक भरवायची नाही.
- सदस्याच्या जागी पती, मुलगा, दीर बसणार नाही आणि बोलणारही नाही. ऐकायला आला तर मागे बसावं.
- समितीच्या खात्यातून पैसे काढायला लागणाऱ्या दोन सह्यांपैकी एक महिला सदस्याची असेल, आणि तिच्या घरातला कोणी ठेकेदार नसेल.

तिसऱ्या नियमातला शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. सही महिलेची आणि काम तिच्या दिराचं असं झालं, तर गडबड उघडी पडल्यावर जबाब त्या महिलेला द्यावा लागतो. म्हणूनच कोऱ्या धनादेशावर सही कधीच करू नये. रक्कम, नाव, तारीख आणि कामाचं बिल समोर असेल तरच पेन हातात घ्यायचं.

पायरी ४: बैठक चालवायची कशी

बसायची व्यवस्था गोल ठेवा. पुरुष खुर्चीवर आणि बाया सतरंजीवर अशी बैठक असली की बोलणं कोण करणार हे आधीच ठरून जातं. एकतर सगळे खुर्चीवर, नाहीतर सगळे खाली.

सुरुवात मागच्या बैठकीच्या इतिवृत्तापासून, मोठ्याने वाचून. प्रत्येक निर्णयापुढे 'झालं', 'अर्धवट', 'सुरू नाही' यांतला एकच शब्द लिहायचा. मग प्रत्येक विषयावर आधी महिला सदस्यांनी फेरीने बोलायचं, एकेक वाक्य का होईना. जिला काही म्हणायचं नसेल तिने 'पुढे' म्हणावं. अशा चार-पाच बैठका झाल्या की गप्प बसणाऱ्याही बोलू लागतात, कारण आपली पाळी येणार हे माहीत असतं. ज्येष्ठ पुरुष आधी बोलले की विषय तिथेच संपतो. पाळी बदलली की हे आपोआप टळतं.

वही लिहायचं काम दोघींनी आलटून पालटून करावं. लिहिता न येणाऱ्या सदस्यांसाठी निर्णय पुन्हा सांगून 'बरोबर लिहिलंय ना?' असं विचारायचं आणि मगच सही किंवा अंगठा. विरोध असेल तर तो नावासकट नोंदवा. 'सर्वानुमते' हा शब्द सवयीने लिहिला जातो आणि त्याखाली बाईचा नकार गाडला जातो.

पायरी ५: अंदाजपत्रक वाचायला शिका

योजनेचा आराखडा आणि अंदाजपत्रक हे 'इंजिनिअर साहेबांचं काम' म्हणून बाजूला ठेवलं जातं, आणि पुढच्या वीस वर्षांचा त्रास तिथेच ठरतो. अंदाजपत्रकातली सगळी गणितं समजायची गरज नाही. शाखा अभियंत्याला बैठकीत बोलवा, नकाशा भिंतीवर लावा आणि पुढचे प्रश्न विचारा.

विहिरीत किंवा बोअरमध्ये मे महिन्यात किती पाणी असतं, आणि चाचणी कोणत्या महिन्यात घेतली? ऑक्टोबरमध्ये घेतलेल्या चाचणीवर बांधलेली योजना मार्चनंतर कोरडी पडते. महाराष्ट्राच्या कातळात हे वारंवार होतं, कारण पाणी खडकातल्या भेगांमध्येच असतं आणि ते पावसाळ्यानंतर झपाट्याने उतरतं. जुन्या विहिरींचं पाणी कोणत्या महिन्यात तळ गाठतं हे गावातल्या बायकांना बरोबर ठाऊक असतं. ही माहिती लेखी द्या.

टाकीच्या तळाची उंची आणि सगळ्यात उंचावरच्या घराची उंची यांत किती फरक आहे? फरक कमी असेल तर त्या घरी नळ दिसेल, पाणी दिसणार नाही. प्रत्येक वस्तीला वेगळा व्हॉल्व्ह आहे का? एकाच व्हॉल्व्हवर सखल आणि उंच वस्ती जोडली की सखल भाग सगळं पाणी ओढतो. पाइप किती खोल गाडणार? वर साधारण एक मीटर माती हवी. ठेकेदार फूटभर खणून पाइप झाकतो, आणि ट्रॅक्टर गेला की तो फुटतो. चर बुजवण्याआधी दोन महिला सदस्यांनी पट्टी लावून खोली मोजावी आणि फोटो काढावा. ही दहा मिनिटांची गोष्ट नंतरच्या कितीतरी गळत्या वाचवते.

नळाची जागा आणि उंची घरातल्या बाईला विचारून ठरवा. तोटीखाली हंडा बसला पाहिजे, पाणी वाहून जायला मोरी हवी, आणि नळ गटाराच्या पातळीच्या वर हवा. खड्ड्यात बसवलेला नळ हे दूषित पाण्याचं हमखास कारण आहे. पुरवठा बंद झाला की पाइपमधला दाब उतरतो आणि आजूबाजूचं सांडपाणी गळतीतून आत ओढलं जातं. नळाला थेट मोटार लावल्यानेही हेच होतं, वर शेजारच्याचं पाणी जातं ते वेगळं.

लोकवर्गणीचा हिशेबही इथेच विचारा. जल जीवन मिशनमध्ये गावांतर्गत कामाच्या भांडवली खर्चाच्या १० टक्के वाटा गावाचा. डोंगराळ, वनक्षेत्रातल्या आणि अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त असलेल्या गावांत ५ टक्के. तो रोख, वस्तूरूपात किंवा श्रमदानाने देता येतो. श्रमदान म्हटलं की खणायला बायका आणि नोंद घरच्या पुरुषाच्या नावावर असं होतं. हजेरी ज्याची त्याच्या नावाने लिहा.

पायरी ६: पाणीपट्टी

योजना बंद पडण्याचं एक मोठं कारण थकलेलं वीजबिल. पाणीपट्टी ठरवताना 'लोक किती देतील' इथून सुरुवात करू नका. 'योजना चालायला किती लागतं' इथून करा. समजा २५० नळजोडण्या आहेत:

वीज ९०,००० रुपये, पंपचालकाचं मानधन ७२,०००, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर व पाणी तपासणी १२,०००, गळती व व्हॉल्व्ह दुरुस्ती ३६,०००, पंप बदलायची वेळ येईल तेव्हासाठी राखीव ३०,०००. एकूण २,४०,००० रुपये. भागिले २५०, म्हणजे घरटी वर्षाला ९६० रुपये, महिन्याला ८०.

आता वसुली ७० टक्केच झाली तर १,६८,००० रुपये जमतील आणि ७२,००० कमी पडतील. म्हणजे बरोबर पंपचालकाचं वर्षभराचं मानधन. मग तो पाणी वेळेवर सोडत नाही, बाया त्याच्याशी भांडतात आणि मूळ कारण बाजूलाच राहतं. हा हिशेब मोठ्या कागदावर लिहून महिला सभेत मांडा. आकडे कळले की पट्टी द्यायची तयारी वाढते. वर्षाची पट्टी एकदम मागण्याऐवजी महिन्याला बचत गटाच्या बैठकीत गोळा केली तर घरखर्चाला झेपते. पावती मात्र ग्रामपंचायतीचीच हवी. एकल, वृद्ध, निराधार महिलांना सूट द्यायची तर ग्रामसभेत नावानिशी ठराव करा आणि तो खर्च कुठून भरायचा तेही लिहा. तोंडी दिलेली सूट पुढच्या वर्षी थकबाकी म्हणून अंगावर येते.

पायरी ७: तपासणीची पेटी महिलांच्या हातात

जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना फील्ड टेस्ट किटचं (गावातच पाणी तपासायच्या पेटीचं) प्रशिक्षण द्यायचं असतं. किट ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलूपबंद असेल, तर ते बाहेर काढणं हे समितीचं पहिलं काम. बाटल्यांवरच्या मुदतीच्या तारखा पाहा, कारण मुदत गेलेलं रसायन खोटा रंग दाखवतं.

रोजच्या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती क्लोरीनची तपासणी, गावात जिला ओटी (ऑर्थोटोलिडीन या रसायनाची) टेस्ट म्हणतात. नळ मिनिटभर वाहू द्या, नळी खुणेपर्यंत भरा, ओटीचे थेंब किटच्या सूचनेइतकेच टाका, आणि पिवळा रंग लगेच तक्त्याशी जुळवा. उशीर केला तर रंग गडद होतो आणि आकडा फसवा येतो. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दिसायला हवं. टाकीजवळच्या नळावर तपासून 'बरोबर आहे' म्हणणं ही नेहमीची चूक. जंतू शिरतात ते टाकीपासून शेवटच्या घरापर्यंतच्या वाटेवर.

टीसीएल किती टाकायचं याचा हिशेब सोपा आहे. ३३ टक्के क्लोरीन असलेली ताजी पावडर १००० लिटरला ३ ग्रॅम टाकली की लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतं. ५०,००० लिटरच्या टाकीला १५० ग्रॅम. पावडर जुनी होऊन २५ टक्क्यांवर आली असेल तर १००० लिटरला ४ ग्रॅम, म्हणजे २०० ग्रॅम. गढूळ पाणी जास्त क्लोरीन खातं, म्हणून पावसाळ्यात शेवटच्या नळावरची ओटी पाहून मात्रा वाढवा. पावडर बादलीत कालवा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या आणि वरची निवळीच टाकीत ओता. चुन्यासकट ओतलं तर व्हॉल्व्हमध्ये साका धरतो. निवळी टाकल्यावर अर्धा तास थांबून मग पाणी सोडायचं. पोतं उघडं आणि ओलसर जागी ठेवलं तर क्लोरीन उडून जातं आणि नुसता चुना उरतो. गावात 'टीसीएल टाकतो तरी ओटी येत नाही' असं ऐकू आलं की आधी पोतं पाहा.

जंतूंच्या शंकेसाठी एचटूएस बाटली, म्हणजे जंतू असतील तर पाणी काळं करणारी तपासणीची बाटली. पाणी खुणेपर्यंत भरायचं, बूच घट्ट लावायचं, २४ ते ४८ तास ठेवायचं. पाणी काळं झालं तर ते प्यायच्या लायकीचं नाही असं धरून त्याच दिवशी नमुना प्रयोगशाळेत पाठवा आणि गावाला पाणी उकळून प्यायला सांगा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत वर्षातून एकदा रासायनिक आणि दोनदा जैविक तपासणी करून घ्या, पावसाळ्याआधी आणि नंतर. अहवालात आधी नायट्रेट आणि फ्लोराइड पाहा. नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. फ्लोराइड १ पर्यंत चांगलं, १.५ च्या वर अजिबात नको. ही दोन्ही उकळून जात नाहीत, उलट पाणी आटल्यावर त्यांचं प्रमाण वाढतं. तिथे स्रोतच बदलावा लागतो.

पाणीस्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाचा रंग कोणता आणि कशामुळे, हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत विचारा.

पायरी ८: शौचालय आणि सांडपाणी

पाण्याच्या बैठकीत स्वच्छतेचा विषय शेवटी येतो आणि उरकला जातो. त्यासाठी वेगळी बैठक ठेवा.

घरच्या शौचालयाला गावात दोन शोषखड्ड्यांचा नमुना सगळ्यात सोयीचा. खड्ड्याचा आतला व्यास सुमारे १ मीटर, खोली १ ते १.२ मीटर, दोन खड्ड्यांत निदान १ मीटर अंतर आणि विहीर किंवा बोअरपासून १० मीटर तरी लांब. विटांचं बांधकाम जाळीदार हवं. गवंडी मजबुतीच्या नावाखाली फटी सिमेंटने भरतो आणि तळही पक्का करतो, मग खड्डा वर्षभरात तुंबतो. एका वेळी एकच खड्डा चालू ठेवायचा. भरल्यावर दुसरा सुरू करून पहिला दीड-दोन वर्षं तसाच राहू द्यायचा. आतल्या मैल्याचं खत होतं. जास्त उताराचं ग्रामीण भांडं बसवलं तर दीड-दोन लिटर पाणी पुरतं. साधं शहरी भांडं बसवलं तर बादलीभर लागतं, आणि ती बादली कोण आणतं ते सगळ्यांना माहीत आहे. खड्डा किंवा टाकी साफ करायला माणूस आत उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. हे समितीच्या वहीत पहिल्याच पानावर असावं.

सार्वजनिक आणि शाळेतल्या शौचालयाचा आराखडा मुलींना दाखवल्याशिवाय मंजूर करू नका. आतून लागणारी कडी, कपडे अडकवायला खुंटी, आतच पाण्याचा नळ, झाकणाचा डबा, वर उजेड आणि हवेची जागा पण डोकावता येणार नाही अशी, आणि दारापर्यंतची वाट दिव्याखाली. पॅड खड्ड्यात टाकले की खड्डा आणि नळी दोन्ही तुंबतात, म्हणून डबा लागतोच. तो कोण, कोणत्या वारी, कुठे रिकामा करणार हेही त्याच ठरावात लिहा. हा शेवटचा भाग राहिला की दोन महिन्यांत डबा भरून वाहतो आणि मुली पाळीत शाळेत येणं टाळतात.

मोरीच्या पाण्याला शोषखड्डा हवा, पण काळ्या चिकणमातीत तो पाणी पीत नाही. तिथे परसबाग किंवा बंद गटार आणि गावाच्या टोकाला सामुदायिक व्यवस्था असा विचार करा.

अडवणूक झाली तर

ठराव होऊनही काम होत नसेल तर आधी ग्रामसेवकांना लेखी अर्ज आणि पोच. पंधरा दिवसांनी त्याच अर्जाची प्रत जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे, मग जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता विभागाकडे. दप्तर दाखवत नसतील तर माहितीचा अधिकार अधिनियम २००५ खाली अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून 'योजनेची सर्व माहिती द्या' असं मागू नका. 'अमुक योजनेची मोजमाप पुस्तिका आणि देयकांच्या प्रती' असं नेमकं मागा. अर्ज एकीच्या नावाने न देता वेगवेगळ्या वस्तीतल्या तिघींनी वेगवेगळे प्रश्न विचारले तर कोणा एकीवर दबाव येत नाही.

समिती बदलते तेव्हा जुन्या सदस्यांनी नव्यांना पुढच्या वस्तू सही घेऊन द्याव्यात: इतिवृत्ताची वही, बँक पासबुक, थकबाकीदारांची यादी, पाइपलाइनचा आणि व्हॉल्व्हचा नकाशा, तपासणी अहवालांची फाइल, किट, आणि पहिल्या मोजणीची ती वही. नव्या समितीने पहिल्याच महिन्यात तेच चार नळ त्याच बादलीने पुन्हा मोजावेत.